पन्नास वेळा चावलेला घास

जामखेडकडच्या आमच्या गावी, चुलत्यांच्या दहाव्याला, मी सव्वाशे माणसांची पंगत अडवून धरली. भांडण नव्हतं, मानपान नव्हता. मी फक्त भात चावत होतो.

शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला ती लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या दिवसांत माझा स्वतःचा एक वेगळाच नियम चालू होता: प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा आणि चावताना डोळे मिटायचे. त्यामुळे वाढपी दोनदा फिरून गेले, लोकांची ताटं रिकामी झाली, खरकटे हात वाळले, दुसऱ्या पंगतीची माणसं मागं येऊन उभी राहिली, आणि मी डोळे मिटून सदतीस, अडतीस करत होतो.

"सायेब झोपलं का काय?" समोरून आवाज आला.

"झोपलं न्हाई. त्वांड हालतंय की."

डोळे उघडले तर समोरची अख्खी ओळ माझ्याकडं बघत होती. मी घाईनं गिळलं आणि ओशाळं हसलो. तेवढ्यात माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पाण्याचा जग घेऊन पुढं आली. "त्याला घाई करू नगा रं," ती मायेनं म्हणाली. "त्याचा बाप बी शेवटच्या वर्षी आसाच चावत बसायचा. खाली उतरतच नव्हतं त्याच्या."

हसणं थांबलं. मी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि पंगत उठली. पलीकडं बायकांच्यात माझी बायको उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, ताटं गोळा करायला लागली.

आता हे चावण्याचं खूळ कुठून आलं ते सांगायला हवं.

मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात काट्यावर आहे. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, ऊस उतरवून परत आली की रिकामी तोलायची. बसायचं काम. तरी गेल्या वर्षभरात केडगावच्या घरी परतलो की जिना चढताना मला मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. वर कुणी बघत असलं, तर चपलेत खडा गेल्यासारखं करायचो. खडा रोज जायला लागल्यावर बायको म्हणाली, "चप्पल तरी बदला." पोटाचं तर विचारू नका. जेवलं की जळजळ, न जेवलं की दुखणं आणि मधल्या वेळात ढेकर. कारखान्यात लोक मला न बघता सांगायचे, काट्यावर कोण आहे ते.

शेवटी नगरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. "एकदा दुर्बीण घालून बघू. घाबरायचं काही नाही." डॉक्टरांनी घाबरायचं नाही म्हटलं की मी लगेच घाबरतो.

त्याला कारण वडील. त्यांनाही वर्षभर गॅसच होता. ओवा झाला, सोडा झाला, मग एक दिवस त्यांना नगरला नेऊन दुर्बीण घातली, आणि महिनाभरात ते गेले. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते. पोटात काय होतं हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. गावात मात्र एवढंच राहिलं की चांगला हिंडता-फिरता माणूस, दुर्बीण घातली आणि गेला. मी शिकलेला माणूस आहे. दुर्बिणीनं कुणी मरत नाही हे मला समजतं. पण समजतं डोक्याला आणि दुर्बीण जाते घशातून. शिवाय मी एक्कावन्नचा झालो होतो. वडिलांपेक्षा दोन वर्षं जास्त, आणि ती दोन वर्षं मी कुठून तरी चुकून घेतलीत असं मला वाटत असे.

अशा वेळी मला मॅक्रोबायोटिक आहार भेटला. आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले एक केमिस्ट कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते. थकवा आणि पोट, दोन्हीवर हाच उपाय, असं म्हणून त्यांनी मला एक पुस्तिका दिली. हातसडीचा तांदूळ, भरड धान्यं, डाळी, जमिनीखाली वाढणाऱ्या भाज्या, थोडं समुद्राचं शेवाळ आणि आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. दूध बंद, चहा बंद, बटाटा-वांगी-टोमॅटो बंद, साखर तर कायमची बंद. साखर कारखान्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसानं साखर सोडली, हे मी मोठ्या अभिमानानं सगळ्यांना सांगत सुटलो. दुर्बिणीची चिठ्ठी मी त्या पुस्तिकेत, शेवाळाच्या पानाला खूण म्हणून ठेवली. घरी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, खाण्यात बदल करा."

बायकोनं पुस्तिका वाचली. "बाजरी, हुलगे, मुळा, भोपळा. हे तर आमच्या माहेरी दुष्काळात खायचे," ती म्हणाली. "त्याला एवढं पुस्तक कशाला?" पण तिनं सगळं केलं. हातसडीचा तांदूळ रात्री भिजवायची, सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायची. शेवाळ कुरिअरनं आलं. पाकीट उघडल्यावर शेजारचं मांजर दोन दिवस आमच्या दारातून हललं नाही. शेवाळ शेवटी त्यालाच दिलं. त्यानं हुंगलं आणि ते कायमचं निघून गेलं. सोयाबीनची पेस्ट आम्ही मागवलीच नाही.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. संध्याकाळी सातच्या आत जेवण, तळलेलं नाही, चहा नाही, त्यानं जळजळ निम्म्यावर आली. आणि चावणं तर मला फारच मानवलं. पन्नासपर्यंत मोजताना माणसाच्या डोक्यात दुसरं काही येत नाही. थकवा मात्र हलला नाही. उलट आता मी जिन्याच्या पहिल्या वळणावरच थांबायला लागलो. पुस्तिकेत लिहिलं होतं, शरीर आतून स्वच्छ होताना अशक्तपणा येतो. मी ते वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलं.

आणि मग आत्या ते बोलली.

गावाहून परतताना गाडीत मी मनातल्या मनात घास गिळून बघत होतो. उतरतोय ना? अडकतोय का? नुसती थुंकी गिळली तरी छातीत काहीतरी थांबल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर वडिलांचा तो शेवटचा उन्हाळा मला जसाच्या तसा आठवला. ते भाकरीचा तुकडा तोंडात धरून भिंतीकडं बघत बसायचे, आणि आई ताट न उचलता समोर थांबायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते चवीनं खातात.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. गाड्यांची रांग जरा कमी झाल्यावर मी खुर्चीतून उठलो आणि स्वतःच काट्याच्या लोखंडी फळीवर जाऊन उभा राहिलो. आहार सुरू करताना मी असंच वजन केलं होतं, ऐंशी किलो. खिडकीतल्या आकड्याकडं मान वळवून पाहिलं. सत्तर.

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम ट्रॅक्टरला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, "सायेब, आता भरल्यालं तोललं का रिकामं?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो. मग केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

आमचा काटा उसासाठी आहे. तो दहा-दहा किलोंनीच सरकतो. मधला आकडा तो दाखवतच नाही. हे मला कुणी सांगायची गरज नाही, रोज मी तेच बघतो. गाडीवाल्यांना मीच समजावतो. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं की दोन महिन्यांत दहा किलो गेले. वडिलांचे कपडे असेच आधी सैल झाले होते. मी पट्टा सोडून भोकं मोजली. डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि मोजायला लागलो. पन्नास झाले, साठ झाले, ऐंशी झाले. गिळायची हिंमतच होईना. खिडकीबाहेर हॉर्न वाजायला लागले, तेव्हा तो घास मी डब्याच्या झाकणात काढून ठेवला.

रजा टाकून दुपारीच घरी आलो आणि पुस्तिका काढली. शेवाळाच्या पानात चिठ्ठी नव्हती. सगळी पानं झटकली. बायको स्वयंपाकघरातून आली. एका हातात दवाखान्यात न्यायची पिशवी होती, दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"उद्या सकाळी उपाशीपोटी बोलावलंय," ती म्हणाली. "नंबर लावलाय. तुम्ही चप्पल घालून ठेवा म्हणजे झालं."

मी म्हणालो, "तुला कसं..."

"आधी चावणं थांबवा. तोंडात काही नाही तुमच्या."

खरंच, माझा जबडा हलत होता.

दवाखान्यात आधी वजन केलं. चौऱ्याहत्तर. आमचा काटा पंच्याहत्तरच्या पुढं सरळ ऐंशी दाखवतो, म्हणजे सुरुवातीला मी शहात्तर-सत्त्याहत्तरही असेन. नर्स म्हणाली, "एवढं हसायला काय झालं?" मग घशात कडू फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली, आणि मला डाव्या कुशीवर झोपवलं. दुर्बीण आत गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गिळा." माणसाला एवढं एकच काम दिलेलं असतं, आणि ते मला येत नव्हतं. डोळे घट्ट मिटून मी एक, दोन, तीन सुरू केलं. सोळापर्यंत पोचलो असेन.

जठराच्या खालच्या तोंडाशी जखम होती. डॉक्टरांनी तिचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. "आठवड्यानं कळेल. दिसायला वाईट वाटत नाही, पण कागद आल्याशिवाय मी बोलणार नाही." तो आठवडा मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण त्यातलं मला फारसं आठवतच नाही. एवढं आठवतं, की मी कपाट आवरलं आणि कोणती फाईल कुठं आहे ते बायकोला दाखवायला गेलो. ती म्हणाली, "फायली तिथंच राहू द्या. मला धुणं वाळत घालायचंय." आणि गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा डोळे लाल होते, आणि धुणं अजून बादलीतच होतं.

कागद आला. कर्करोग नव्हता. एक जंतू होता, चौदा दिवसांच्या गोळ्यांचा. जखमेतून थोडंथोडं रक्त जात होतं, म्हणून तो थकवा. मी डॉक्टरांना पुस्तिका दाखवली. त्यांनी ती चाळली. "सातच्या आत जेवता, तेलकट खात नाही, चावून खाता, हे चालू ठेवा," ते म्हणाले. "पण दूध, फळं, पालेभाज्या सुरू करा, अंगात रक्तच राहिलेलं नाही. आणि जखम तांदळाला दिसत नाही. ती बघायला दुर्बीणच लागते. दोन महिने आधी आला असतात तर जिना तरी नीट चढला असतात."

घरी आलो. बायकोनं बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीत दूध असं वाढलं आणि समोर बसली. मी पहिला घास घेतला. सवयीनं मोजायला लागलो, मग थांबलो.

"चिठ्ठी तुला कधी सापडली होती?" मी विचारलं.

तिनं ताटाच्या कडेची मेथीची काडी उचलून बाजूला ठेवली.

"पुस्तक आणलंत त्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली. "सासऱ्यांच्या दुर्बिणीचं मीही ऐकलं होतं. म्हणून मीही नाही बोलले. तुम्ही डोळे मिटून चावायचात ना, तेव्हा मीही मोजत बसायचे. वाटायचं, पन्नास होईपर्यंत तरी काही होत नाही."