शिक्षेची वडी

युफेमिया बाकाच्या हातचं बेचव खाल्लेला माणूस अख्ख्या न्यू मेक्सिकोत शोधून सापडला नसता. वाळवंटातल्या पोरांच्या छावणीत ती स्वयंपाकीण होती. वाया गेलेल्या पोरांना सरळ करायची छावणी म्हणे! भर उन्हात दगड वाहायचे आणि संध्याकाळी तेच परत जागेवर नेऊन टाकायचे, यानं कोण सरळ होतं देव जाणे.

उलट बोलणाऱ्याला जेवणाऐवजी शिक्षेची वडी मिळायची. राजमा, गाजर, पीठ यांचा लगदा भाजायचा. मीठ नाही, मिरची नाही. युफेमियाला कुठलं ते जमायला? ती गुपचूप लाल मिरची आणि जिरं घालायची. झालं! वडीसाठी पोरं मुद्दाम उलट बोलायला लागली.

छावणीप्रमुख स्ट्राउडला याचा सुगावा लागलाच. त्याचा खरा डूख होता एलिसेओ नावाच्या पोरावर. 'मी कुणीच नाही' एवढं म्हण, असं त्यानं पोराला फर्मावलं होतं आणि तेव्हापासून आठवडाभर पोरानं तोंडच उघडलं नव्हतं. त्या हट्टापायी रोज वडीच मिळायची, तिच्यावरच तगून होता बिचारा. आता स्ट्राउड स्वतः भट्टीपाशी उभा राहिला. मिठाचा कण पडला तर नोकरी गेली म्हणून समज, असं त्यानं बजावलं. नवऱ्यामागे घर युफेमियाच्याच पगारावर चाललं होतं. तिनं मुकाट्यानं वडी भाजली.

वाढली मात्र दोन ताटांत. एक एलिसेओपुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन त्याच्या शेजारी बसली.

"हे काय, बाई?" स्ट्राउडनं विचारलं.

"जेवतेय. हा हे खाईल तोवर मीही हेच खाणार."

"आणि काढून टाकलं तर?"

"काढा की. उद्या सगळ्या पोरांची न्याहारी तुम्ही रांधा. पीठ मळता येतं ना?"

पोरं फिस्सकन हसली. युफेमियानं घास घेतला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. असलं अन्न आपल्या हातून उतरलं! एलिसेओनं कसाबसा घास गिळला नि तिच्याकडे पाहिलं.

"आजी," तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

युफेमियाचे डोळे भरून आले. "खरंय रे बाळा, चुकलंच माझं," म्हणत ती उठली. आतून मिठाची बरणी आणली आणि स्ट्राउडच्या डोळ्यांदेखत एलिसेओच्या वडीवर चिमूटभर मीठ भुरभुरवलं. स्ट्राउडनं तोंड उघडलं, आणि न्याहारीचा विचार करून मिटलं.