शिशाच्या डब्यातला गूळ

नौबादला आमची औषधशाळा नवी होती. किरणोत्सर्गी औषध तयार करायचं आणि हाडांचे फोटो काढणारे मोठे कॅमेरे ज्या इस्पितळांत होते, तिथं रोज सकाळी पोचवायचं, हे आमचं काम. या औषधाचं आयुष्य थोडं; सहा तासांत ताकद निम्मी. आमच्याआधी ते लातूरच्या इस्पितळात हैदराबादहून यायचं. वाटेत उशीर झाला की औषध वाया जायचं आणि पेशंटला घरी परत पाठवायचे.

आमचा ड्रायव्हर कमठाण्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचे, तो मला अक्का. लातूरच्या वाटेवर भालकीला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की कुठल्या बांधावरून गाडी काढायची ते त्याला बरोबर ठाऊक. त्यानं एकदाही उशीर केला नाही. त्याचं तोंड मात्र गाडीपेक्षा जोरात पळायचं, आणि माझा जीव होता त्याच्यावर.

औषधाची बाटली शिशाच्या जाड डब्यातून जायची. बाटली इस्पितळात राहायची, डबा संध्याकाळी रिकामा परत. किरणं मोजणारं मीटर फिरवून मी तो तपासायचे. त्यात दुसरं काही घालायचं नाही, हा नियम मी अण्णाला शंभरदा ऐकवला होता.

एका संध्याकाळी झाकण काढलं तर आत गुळाचा खडा!

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, हा काय बाजारचा डबा आहे?"

"कामून वरडायलात, अक्का? भालकीची एक म्हातारी हाय, नवऱ्याचा फोटो काढायला आलती. मी डबा घेऊन निघालो तर म्हणली, कुणाचं भांडं रिकामं धाडू नये. पिशवीतला गूळच काढला तिनं. मी कसं न्हाई म्हणू?"

शेजारणीचा डबा चिमूटभर साखर घातल्याशिवाय माझी आईही परत देत नसे. पण शिशाला लागलेलं कोण खाणार? मी अण्णाला चांगलं झाडलं. मीटर गप्प होतं, तरी गूळ पिशवीत बांधून टाकून दिला. अन्न टाकलेलं त्याला बघवेना. खरं सांगायचं तर मलाही बघवत नव्हतं.

राग उतरल्यावर मी विचारलं, "फोटो चांगला आला वाटतं? म्हणून गूळ?"

"न्हाई अक्का. हाडात पसरलंय. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं तिला."

"गूळ घातल्यावर?"

"आधी."

मी खाली बसले. मला फार लाज वाटली. अण्णा सांगत राहिला. आमच्याआधी त्या दोघांना दोनदा परत पाठवलं होतं, औषधात दम उरला नाही म्हणून. पोरं पुण्याला कंपनीत. शेतात ही दोघंच. नवरा कंबर धरून खाटेवर पडायचा आणि म्हातारी त्याला कामचुकार म्हणायची. एकदा तर हाताला धरून उसात ओढत नेलं होतं.

"ती म्हणली," अण्णा हळूच बोलला, "दोनदा हात हलवत घरी आलो, तवा मला काईच कळलं न्हाई. आज कळलं. आता त्यास्नी उठा म्हणणार न्हाई."