वारा पडू द्या

“हालू नका जी. वारा पडू द्या.”

आमच्या कॉलनीत सकाळी दूध आणायला निघालेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं आहे. कुंपणाच्या जास्वंदीसमोर एक बाई गुडघे टेकून बसलेल्या असायच्या. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला. मागून कोणी आलं की मान न वळवता हुकूम सुटायचा आणि माणूस हातातल्या पिशवीसकट जागच्या जागी उभा राहायचा. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचं ऐकायचं खरं तर काही कारण नसतं, तरी आपण ऐकतो.

त्या अकोल्यातल्या एका दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या तरी सगळ्यांच्या सिस्टरच राहिल्या. सुई टोचताना, टाके काढताना जन्मभर लोकांना “हालू नका” म्हटलं. पुढे तेच फुलांना म्हणू लागल्या. मुलगी पुण्याला असते. तिने आपला जुना कॅमेरा दिला होता, अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्ससकट. चिंचेच्या फुलावर लाल रेघा असतात हे मला पन्नाशीत कळलं, त्यांच्या फोटोतून.

फुलं नसतील तेव्हा घरात काम चाले. खिडकीजवळच्या टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बहाव्याची शेंग नाहीतर सीताफळाच्या चार बिया. एका बाजूने खिडकीचा उजेड, दुसऱ्या बाजूने तो परतवायला स्टीलची थाळी धरून मी. चादरीचं टोक हलू नये म्हणून पंखा बंद. मे महिन्यात अकोल्यात पंखा बंद करणारे दोघंच, एक वीजवाले आणि दुसऱ्या सिस्टर. घामाचा थेंब नाकावरून ओघळायचा, पण पुसायची सोय नव्हती.

“भाऊ, थाळी हालून राहिली.”

“सिस्टर, थाळी नाही, मी हलतोय.”

“तुमी बी हालू नका.”

माझी बायको म्हणायची, “घरात एक खिळा ठोकाले बोलावलं तं येत नाही, अन् तिथं थाळी धरून पुतळा होते!”

मी संस्थांचे हिशेब तपासतो. आहे ते आहे, नाही ते नाही, एवढंच मला येतं. सिस्टर फोटो दाखवून विचारायच्या आणि मी सांगायचो, “डावी पाकळी हललीय,” किंवा “हा मागच्यापेक्षा कमी बरा आहे.” बायको मला डोळ्यांनी दटावायची. एकदा तिने उघडच म्हटलं, “कधीतरी गोड बोलले तं काय जाते तुमचं?”

“नाई वहिनी,” सिस्टर म्हणाल्या, “बाकी सारे मस्त मस्त म्हणतात. हे खोटं बोलत नाई, म्हून तं याईले दाखवते.”

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मनात कपाशीचं फूल भरलं. “आपला सारा मुलूख कपाशीचा, पण फूल कोणी पायते का? सारे बोंडच पायतात.” कपाशीचं फूल आज उमललं की फिकट पिवळं असतं आणि उद्या गुलाबी होऊन मिटतं. त्यांना एकाच झाडावर दोन्ही हवी होती, आजचं आणि कालचं, शेजारी शेजारी. माझ्या साळ्याचं शेत भातकुलीजवळ आहे. दिवाळीच्या सुट्टीत बायको माहेरी निघाली, तिच्यासोबत आम्हीही निघालो.

सकाळची वेळ होती. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते आणि काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. हवं तसं झाड सापडलं, पण फुलं अगदी खालच्या फांदीवर. सिस्टरांनी पदर खोचला आणि डावं कोपर जमिनीला टेकवून त्या जवळपास आडव्याच झाल्या. मी वाऱ्याच्या बाजूला उघडी छत्री धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने वारा पडला. इतका, की एक पान हलत नव्हतं.

तेव्हा मला ती दिसली. झाडामागच्या भेगेतून घोणस बाहेर येत होती, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी. लोक आता ती सात फुटांची होती असं सांगतात. ती माझ्या हाताएवढी होती, बोटं धरून. अंगावर तपकिरी गोल, साखळीसारखे ओळीने. फुलामागून ती वळली आणि सिस्टरांच्या कोपराकडे निघाली.

ओरडलो असतो तर त्यांनी दचकून कोपर उचललं असतं. छत्रीने हाकलली असती तर ती त्यांच्याच अंगावर गेली असती. गप्प राहिलो असतो तर फोटो काढून त्या आपणहून उठल्या असत्या. त्यांना जागेवर खिळवून ठेवील असं एकच वाक्य मला ठाऊक होतं.

“सिस्टर, हलू नका. वारा आहे अजून.”

त्या होत्या तशाच राहिल्या. डोळा कॅमेऱ्यालाच होता.

घोणस कोपराशी येऊन थांबली; शेपटाकडचं अंग अजून फुलामागेच होतं. तिच्या डोक्यात आणि त्यांच्या बांगडीत चार बोटांचं अंतर असेल. मी छत्रीचा दांडा छातीशी आवळून धरला. एवढ्यात बांधावरून साळ्याची हाक आली, “भाऊजी! च्या आणला!” आणि वाळलेल्या पाल्यावर त्याचे पाय वाजू लागले.

“त्याले म्हणा, तिथंच थांब,” सिस्टर म्हणाल्या. ओठ हलले, बाकी काही नाही.

मी एक हात वर केला. साळा थांबला.

खट्. कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं होतं. घोणशीने डोकं उचललं. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर एकही आठवेना. मग तिने डोकं खाली ठेवलं, कोपराला वळसा घातला, सुटून जमिनीवर पसरलेल्या पदराच्या टोकावरून सरकली आणि कपाशीच्या पलीकडच्या ओळीत दिसेनाशी झाली. शेपूट दिसेनासं होईपर्यंत मी छत्री तशीच धरून होतो.

“आता पडला वारा,” मी म्हणालो आणि खालीच बसलो.

सिस्टर उठून आधी माझ्याकडेच आल्या. मनगट धरलं, घड्याळात पाहिलं. “बाप्पा! नाडी पाहा कशी पळून राहिली. च्या द्या याईले, साखर जास्त टाकून.” मग बाजूला बसून शांतपणे विचारलं, “कोणता होता?”

“घोणस.” मीच उलट विचारलं. “तुम्हाला दिसली होती?”

“कॅमेऱ्यात काय दिसते? मागं काहीतरी तपकिरी आलं, मले वाटलं वाळलं पान. पण तुमी वारा हाये म्हणले. अवो, इतक्या वेळची मी वारा पडाचीच वाट पाहून राहिली होती. वारा नोता. मंग मनाशी म्हटलं, हा माणूस खोटं बोलून राहिला, म्हणजे आता हालाचं नाई.”

“आणि फोटो?”

“तो मी नाई काढला. बोट आखडलं, तं बटन दाबल्या गेलं.”

तो फोटो आमच्या बैठकीत आहे. पिवळं फूल, त्याला टेकलेलं कालचं गुलाबी, आणि मागे धुरकट तपकिरी गोलांची ओळ. त्यांच्या सगळ्या फोटोंत हाच सर्वांत स्वच्छ आला. मी तसं त्यांना सांगितलं, कारण ते खरं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या आजारी पडल्या. ज्या वॉर्डात नोकरी केली, तिथल्याच खाटेवर होत्या. मुलगी मला बाहेर व्हरांड्यातच भेटली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने सांगितलं. काही करण्यासारखं उरलं नव्हतं. “काका, आईला कळू देऊ नका. ती तुम्हालाच विचारेल.”

आत गेलो. डोक्यावर पंखा फिरत होता आणि चादरीचं टोक हलत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ, डॉक्टर काय म्हणले?”

“रिपोर्ट चांगला आहे, सिस्टर.”

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. डावी पाकळी हललीय का हे मी बघत असे, तसं त्या बघत होत्या. मग हसल्या.

“म्हणजे वारा हाये म्हणता.”

“आहे, सिस्टर.”

“बरं. मंग थांबते.”

आणि त्यांनी डोळे मिटले. उजवा हात चादरीवर होता, पहिलं बोट जरासं वाकवून, बटणावर ठेवल्यासारखं. मी उठलो आणि भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद केला.