कंधारच्या पुढच्या विहिरीवर माझी साहेबी

नांदेड सोडलं त्या दिवशी ऊन असं होतं, की स्टँडवरच्या भजीवाल्यानं कढईखाली जाळ घातलाच नव्हता, अशी माझी पक्की समजूत आहे. मिरचीभजी मात्र अव्वल. एक खाल्लं आणि माझ्या दोन्ही कानांतून वाफ निघाली. गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिलं, तर पात्रात धूळ उडत होती. आम्ही पंचगंगाकाठची माणसं. नदीत धूळ उडताना पाहिली की आधी डोळे चोळतो.

लातूरच्या एसटीत चर्चेला दोनच विषय होते. दुष्काळ, आणि नवा जिल्हा होणार ही आवई. शेजारच्या धोतरवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणे कुठले? काय काम काढलंत?"

खरं सांगितलं असतं तर प्रवास कोरडा गेला असता. मी म्हणालो, "नव्या जिल्ह्याची हद्द पाहायला पाठवलंय. मुंबईहून."

लगेच खिडकीची जागा मिळाली, शेंगदाणे मिळाले. कंधार येईपर्यंत एकानं कलेक्टर कचेरीसाठी आपलं रान देऊनही टाकलं.

कंधारच्या पुढे गाडीनं वाफ सोडली. ड्रायव्हर म्हणाला, "तापली. पाणी घाला, न्हाईतर इथंच मुक्काम." समोर एक गाव दिसत होतं. कंडक्टर शेखमामा कॅन घेऊन निघाले, मागून मी, आणि आमच्या दोघांच्या पुढे तो म्हातारा, साहेब आल्याची वर्दी द्यायला.

टँकर नुकताच विहिरीत रिकामा झाला होता. काठावर घागरींची रांग, पण पोहरा (दोराला बांधलेली बादली) कुणीच सोडत नव्हतं. सगळं गाव लिंबाखाली उभं राहून भांडत होतं. दहा पावलांवर तीन बिऱ्हाडं बसली होती. बायांच्या डोक्यांवर ओढण्या, मांडीवर लेकरं. एक लेकरू रडत होतं, पण आवाज येत नव्हता.

भांडणातून कळलं, ही माणसं ब्रह्मदेशातून पळालेली. हैदराबादेत राहिली, तिथून वीटभट्टीवर आली. पाण्यावाचून भट्टी बंद पडली, मालक निघून गेला. त्यांच्याकडं निर्वासिताचं एक कार्ड होतं. गावाचा नियम मात्र असा की रेशनकार्ड बघून पाणी.

गजानन नावाचा गडी मोबाइल नाचवत होता. "रोज दावतेत ह्यात. ह्यांच्यातच दडून येतेत बाँबवाले. आज पानी, उद्या घर, परवा काय?"

सरपंच मारोतराव म्हणाले, "आरं, आपून बी गाव सोडून पुण्याला जातोच की."

"आपून ह्याच देशातले! आन धरम? तुमच्या दारात नमाज पडली तर चालंल?" मग तो शेखमामांकडं वळला. "मामा, तुमी तर त्यांच्याच बाजूनं बोलणार."

शेखमामांनी कॅन खाली ठेवला. "म्या अजून तोंडबी उघडलं न्हाई, गजानन. सव्वीस वर्सं ह्या रस्त्यानं तुमालाच नेऊन आणून राहिलो. तुज्या आईला दवाखान्यात नेताना गाडी दारात थांबवली, तवा माजा धरम इचारला न्हाईस."

मारोतरावांनी मला पाहिलं आणि हात जोडले. "सायेब, तुमीच सांगा. ह्यांना ठेवलं तर नव्या जिल्ह्यात गावाच्या नावावर बट्टा लागंल का?"

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. त्या रडणाऱ्या लेकराची ओढणीवाली आईसुद्धा पाहायला लागली. मी घसा साफ केला आणि आयुष्यातली सगळ्यात उंच थाप मारली. "वरून आदेश आहे. आधी पाणी, मग कागद."

"दावा आदेश," गजानन म्हणाला.

माझ्या पिशवीत टॉवेल होता, बर्फी होती आणि परतीचं तिकीट. गजाननानं पिशवी ओढून ओळखपत्र काढलं. त्यावर 'किराणा व्यापारी' असं छापलेलं.

"खोटा सायेब! ह्यांचाच माणूस हाय ह्यो! लावा पोलिसाला फोन!"

दोघांनी माझे दंड धरले. माझ्या मदतीनं त्या बिऱ्हाडांचं असलेलं नशीबही बुडालं. बायांनी बोचकी बांधायला घेतली. कुणी जा म्हणायच्या आधीच उठायचं, हे त्यांना ठाऊक असावं.

तेवढ्यात रांगेतून कमलबाई पुढे आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, बौद्धवाड्यातल्या. आपल्या दोन घागरी उचलून त्यांनी त्या ओढणीवालीच्या हातात दिल्या आणि तिला रांगेत स्वतःच्या जागी उभं केलं.

"कमलबाई, नेम हाय," मारोतराव म्हणाले.

"हाव. माज्या सासूलाबी ह्याच हिरीवर नेमच सांगितला व्हता. वरून कुणी पानी वाढंल म्हणून ती दिवसभर खाली उभी ऱ्हायची. घागरीवर नाव वाचा."

तांब्याच्या घागरीवर ठोकून अक्षरं कोरलेली होती. कमल वामन कांबळे. त्या भागात रांगेतली घागर म्हणजे माणूसच. मालक नसला तरी ती कुणी हलवत नाही. हलवली तर पिढ्यांची भांडणं लागतात.

गजानन पुढे झाला. घागरीच्या काठाला हात लावला. सगळं गाव त्या हाताकडं बघत होतं. लहानपणी त्याला बाराखडी ह्याच बाईनं शिकवलेली.

त्यानं हात काढून घेतला.

"आन तुमच्या घरात आज काय प्याल?" मारोतरावांनी विचारलं.

"ते माजं मी बघीन."

मारोतरावांनी वाकून विहिरीत पाहिलं. "आजच्या दिवस," ते म्हणाले. पोहरा खाली गेला. माझे दंड सुटले. गाडीला मात्र कुणी पाणी दिलं नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या एसटीनं लातूर गाठलं. अख्ख्या वाटेत मी कुणाशी बोललो नाही, आणि ही थाप नाही.

कोल्हापुरात परतल्यावर दोस्तांना सांगताना तीन बिऱ्हाडांची तीस करायला जीभ वळवळत होती. केली नाहीत. शेखमामांकडून नंबर घेऊन कमलबाईंना फोन लावला.

"हायत का ती माणसं?"

"हायत."

"गावानं ठेवून घेतलं म्हणजे?"

"कुठलं! सरपंच रोज सकाळी हिरीवर येतेत, रांगेकडं बघतेत, आन म्हणतेत, आजच्या दिवस."