वैजनाथअप्पांचा हात

वैजनाथअप्पांच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द कधी ऐकला नाही. नको असलेलं काम आलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "ठिवून जावा. उद्या बगू." त्यांचा उद्या कधीकधी दिवाळी ओलांडून जायचा. एखाद्या शेतकऱ्याचं पाण्याच्या मोटारीचं काम मात्र ते उभ्या उभ्या करून द्यायचे. लातूरच्या गॅरेजवाल्यांनी त्यांचं नावच 'उद्यावाले अप्पा' पाडलं होतं आणि त्यांची टिंगल करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो.

मी नानांच्या पिकअपवर ड्रायव्हर. नाना म्हणजे अप्पांच्या बायकोचे, कमलाक्कांचे थोरले भाऊ. किल्लारीच्या भूकंपात अप्पांचं घर-दुकान सगळं गेलं, तेव्हा नानांनी त्यांना लातूरला आणलं, आपल्या जागेत शेड दिलं, मागे दोन खोल्या दिल्या. धातू कातून मापात आणायचं लेथ मशीन तिथेच काँक्रीटमध्ये पक्कं बसवलं. घर, पोट आणि सासर, सगळं एकाच पत्र्याखाली. नाना वाईट नव्हते. दिलेलं कुणाला विसरू देत नसत, इतकंच. चार माणसांत अप्पांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "दाजींना मीच उभं केलं." अप्पा हसायचे. ते हसू मला कधी आवडलं नाही.

एकदा नानांनी हैदराबादहून जुन्या बाजारातली अलॉयची चाकं आणली. रुंद, चकचकीत, आमच्या गाडीपेक्षा महागड्या गाडीची. पुतणीच्या लग्नात पिकअप त्या चाकांवर मिरवायची होती. चाक जिथे बसतं त्या आमच्या गाडीच्या हबवर ती बसेनात. मधलं भोक लहान होतं, आणि बोल्टची भोकंही जराशी आत होती. नाना म्हणाले, "त्यात काय, कानशीनं लांब करा अन् वायसर घाला."

अप्पांनी चाक फिरवून पाहिलं. "मधलं भोक मी वाढवून देतो, नाना. चाक हबवर बसतंय. पण बोल्टाची भोकं लांब केली तर नट नीट टेकत न्हाई, चालता चालता ढिला पडतो."

"दाजी, तुम्हाला सल्ला इचारला का मी?"

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ठिवून जावा. उद्या बगू."

ती चाकं भिंतीला टेकून राहिली. नाना मला रोज चौकशीला पाठवायचे आणि मी रोज रिकामा परत यायचो. दोन्हीकडून बोलणी मीच खात होतो. शेवटी लग्न तोंडावर आलं. वऱ्हाड नायगावला न्यायचं होतं. नानांनी शेडमध्ये येऊन आवाज न चढवता सांगितलं, "दाजी, सांजच्याला चाकं गाडीवर पायजेत. न्हाईतर मला या जागेचा इचार करावा लागंल."

अक्का मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि आत गेल्या.

नाना गेल्यावर अप्पांनी भिंतीला टेकलेल्या चाकांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "गाडी कोन नेणार?"

"मीच की."

"अन् मागं कोन बसणार?"

"बाया, लेकरं."

ते उठले. पहिलं चाक लेथवर चढवून त्यांनी मशीन सुरू केलं. मधलं भोक हबच्या मापाला आलं, पण अप्पा थांबले नाहीत. पातळ चकाकती साल निघत राहिली, भोक वाढत वाढत बोल्टच्या भोकांना जाऊन भिडलं आणि चाक कामातून गेलं. मग दुसरं चाक. मग तिसरं, चौथं. मी शेजारी उभा राहून फक्त त्यांचा हात बघत होतो. हँडलवर तो इतका स्थिर होता की मला भीती वाटली.

संध्याकाळी नाना आले. अप्पा म्हणाले, "माफ करा, नाना. हात थरथरला. आता पयल्यासारखं ऱ्हायलं न्हाई."

आयुष्यभर हातावर जगलेला माणूस हे बोलत होता. नानांनी डोक्याला हात लावला. मी सगळं पाहिलं होतं, पण माझीही चूल नानांच्याच पगारावर पेटत होती. मी मान खाली घातली. वऱ्हाड जुन्या चाकांवर नायगावला गेलं आणि धडपणी परत आलं.

नानांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. त्यापेक्षा बेजार करणारी माया केली. दाजींचा हात गेला म्हणून बाजारभर हळहळले, त्यांना डॉक्टरकडे नेलं, थरथरीच्या गोळ्या सुरू केल्या. कामं आपोआप बंद पडली. अर्ध्या शेडमध्ये पंक्चरवाला आला. लेथवर जुनी पोती पडली.

आणि अप्पांना आता थरथरत राहणं भाग होतं. नाना आले की त्यांच्या बशीतला चहा सदऱ्यावर सांडायचा. मी एकटा असलो की काठोकाठ भरलेली बशी ते एक थेंब न सांडता ओठांना लावायचे. मला राहवेना. एकदा म्हणालो, "अप्पा, सांगून टाका ना. कामून सोसून राहिलात?"

"काय सांगू? छप्पर देणाऱ्याचं काम मी जानून बिघडवलं, आसं? मग ह्या घरात बसून भाकर कशी खाऊ?" त्यांनी बशी खाली ठेवली. "आन् तुमच्या अक्कानं कुणाकडनं बोलायचं?"

गेल्या उन्हाळ्यात अप्पा झोपेतच गेले. त्या दोन खोल्यांतून त्यांची सुटका झाली ती अशी. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

दुखवट्याला आम्ही अक्कांजवळ बसलो होतो. शेजारच्या घरून चहा आला. नाना चारचौघांत म्हणाले, "सोन्यासारखा माणूस. पण शेवटी हातानं दगा दिला. बशी धरता येईना."

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. भावाकडे न बघता त्या म्हणाल्या, "तू आलास की हात थरथरायचा, नाना. मला सुई तेच ओवून द्यायचे. परवापतूर."

नाना हळूहळू माझ्याकडे वळले. "अन् ती चाकं?"

माझी नोकरी, माझं घर सगळं मला त्या क्षणी दिसलं. अप्पांसारखं 'उद्या बगू' म्हणता आलं असतं.

"एकदाबी हात हलला न्हाई, मालक," मी म्हणालो.