हातानं कोरलेले दात

दात उपटला की पेशंट तोंडात कापूस धरून निघून जातो. वाचवायचा म्हटलं की तो अर्धा तास समोर बसतो. ऐंशीच्या दशकात आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत शिबिरं घ्यायचो. वीज नाही, म्हणून मशीन नाही. छोट्या चमच्यासारख्या हत्यारानं दातातली कीड हळूहळू खरवडायची आणि खड्ड्यात सिमेंट भरायचं. मशीनची घरघर नसल्यामुळे सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. मग किस्से जमणारच. मी डॉक्टर, जोडीला नर्स शेवंताबाई.

मूल गावच्या शिबिरात एक गवंडी आला. दात भरून मी म्हणाले, "तासभर काही खाऊ नका, पाणीही नको."

तो उठेचना. शेवंताबाईंनी विचारलं, "काऊन बसले भाऊ?"

"बाई, सिमेंटले पाणी नाई मारलं तर थे तडकते."

पुढच्या शिबिराला तो मुद्दाम आला. दात शाबूत. हळूच म्हणाला, "कोण्या कंपनीचा माल आहे?"

चामोर्शीच्या बाजारात आमच्यासमोर एक बुवा बसायचा. दातातून वळवळता किडा काढून दाखवायचा. एक बाई आमच्या खुर्चीतून अर्ध्यातच उठली. "त्याच्याजवळ किडा निंगते. तुमचा कुठी आहे?"

मी जंतू समजावून सांगायला लागले. ती चप्पल घालायला लागली.

शेवंताबाईंनी खरवडलेला तपकिरी चुरा कापसावर तिच्यापुढे धरला. "हे पाह्य, हे त्याचं घर. घरच मोडलं, आता थो कुठी राहीन?"

बाई परत बसली. बुवासमोरच्या दोघी पण इकडे आल्या.

वडशाला नाटकांचा सीझन होता. खलनायकाचं काम करणारा नट गाल धरून आला. पुढचा दात किडलेला. बरोबरचे म्हणत होते, काढून टाका. तो कळवळला, "बाई, हा दात गेला तर माह्या हसण्याले कोण भेईल?"

काम सुरू झालं. शेवंताबाईंचा हात गच्च धरून तो "मा वं, मा वं" करत राहिला. शिबिराच्या मंडपाच्या फटीतून अर्धं गाव बघत होतं.

पुढच्या प्रयोगाला तो गडगडाटी हसत स्टेजवर आला. दात झकास दिसत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "शेवंताबाईले बोलवा रे!"

आणि ते आजी-आजोबा. जंगलातल्या गावातून चालत आलेले. आजोबांना दिसत नव्हतं, आजी हात धरून त्यांना घेऊन आली होती. दुखणं मात्र आजीचं. तोंडात समोरचा एकच दात उरलेला, तोही किडलेला.

मी म्हणाले, "आजी, एकट्या दातानं काय चावता? काढून टाकू."

आजोबा म्हणाले, "ठेवा बाई. त्याच्यानं मले समजते."

"काय समजतं?" मी विचारलं.

आजीनं पदर तोंडाला लावला.

मी तो दात जपून कोरला, भरला. निघताना, ती हसली का ते बघायला आजोबांनी चाचपडत बोट तिच्या ओठांशी नेलं. तिनं हात झटकला. "सबन लोक पाहून राह्यले न."

आजोबा म्हणाले, "मले कुठी दिसते?"