कॉमेंट्रीवाल्या मारुतीचा दम

बोईसरजवळच्या पाम गावात कबड्डीचे सामने असले की माइक मारुतीच्याच हातात असायचा. माणूस मूळचा सांगलीकडचा. बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागला आणि इथलाच होऊन गेला. आवाज एवढा खणखणीत, की वाणगावचे लोक "मारुती हाय ना आज?" असं विचारून मगच सामन्याला निघायचे. त्याची एक लकब होती. पामचा गडी चढाईला गेला की मारुतीही माइकवर "कबड्डी, कबड्डी" सुरू करायचा आणि तो परत येईपर्यंत दम सोडायचा नाही.

गेल्या वर्षी उपांत्य सामन्यात अंकुश चढाईला गेला. पामचा सगळ्यात लाडका खेळाडू. त्याने कोपऱ्यातला गडी टिपला, पण तो मध्यरेषेकडे वळायच्या आतच मारुतीचा दम संपला. माइकवर नुसती धाप आणि खोकला. "अरे, मारुती बाद!" कोणीतरी ओरडलं आणि मैदानभर हशा पिकला. मारुतीही हसला, पण टेबल घट्ट धरून.

रक्तातली साखर वाढलीय हे त्याला ठाऊक होतं. बायको स्वाती फिरायला जा म्हणाली, की "दिवसभर उभाच असतो मी," हे उत्तर ठरलेलं. दवाखान्याचं नाव काढलं की तो विषय बदलायचा.

सामना संपल्यावर संघाचा प्रशिक्षक कमलेश जवळ आला. "दादा, उद्या सकाळी मैदानावर या. पोरांबरोबर."

"मी? हे पोट घेऊन?"

"खेळायला नाय बोलावत, दम वाढवायला. आन् पुढच्या रांगेत बसून आरडाओरडा करणारे तुमचे दोस्त हायेत ना, त्यांना पण आणा. डॉक्टर बोलावतोय म्हटलं तर तुमी कोणी येणार नाय. अंकुश बोलावतोय म्हणून सांगा."

दोस्त खरंच आले. कोणी चपला घालून, कोणी नुसतं बघायला. अंकुशने सगळ्यांना मैदानाभोवती चालवलं, मग थोडं पळवलं. त्यांच्यातल्या पंढरीच्या तोंडात तंबाखू होती. अंकुश म्हणाला, "काका, ती थुंका आन् माझ्यासंगती कबड्डी बोला." पंढरी ओशाळला. हळूहळू पुडी घरी ठेवून यायला लागला.

पुढे कमलेशने आरोग्य केंद्रातल्या दीपा सिस्टरला सकाळी मैदानावर बोलावलं. तिने मारुतीचं बोट टोचलं, आकडा पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, पळा तुम्ही, पण गोळी चुकवायची नाही." अंकुश शेजारीच उभा होता. मारुतीला नाही म्हणता आलं नाही. गोळी सुरू झाली, चहातली साखर गेली, वड्यावर मात्र त्याचं मन अजून जायचं. दोस्तांपैकी सुजितने गुडघे दुखतात म्हणून आठवड्यातच येणं सोडलं. आणखी काही जण गळाले. बाकीचे टिकले.

यंदा अंतिम सामन्याआधी कमलेशने प्रेक्षकांचाच एक सामना ठेवला. माइक पंढरीकडे होता. मारुती चढाईला गेला, एकाला शिवला, पूर्ण दमात मागे वळला, आणि रेषेजवळ आला तोच कोणीतरी घोटा धरला. आडवा पडला. कोपर सोलवटलं.

स्वाती पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "लागलं का हो?"

"लागू दे. बाद झालो, ते शेजारीपाजारी सांगू नकोस."

"सांगायला उरलंय कोण? सगळी चाळ इथंच बसलीय."

मारुतीने कोपर धुतलं आणि पुन्हा आत जाऊन चढाई करायला कधी मिळतंय म्हणून कमलेशकडे बघत रेषेबाहेर बसून राहिला.